तेल खाणारे जंतू आणि आपली जमीन

(प्रभागसंघाच्या एप्रिल महिन्याच्या सभेत केलेलं भाषण. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही त्यांनी मागणी केली, म्हणून इथे छापत आहोत.)



आजचा विषय बचतीचा नाही आणि कर्जफेडीचाही नाही. पण ग्रामसंघाच्या पैशाशी आणि आपल्या जमिनीशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून अध्यक्षताईंकडून थोडा वेळ मागून घेतला आहे.

होळीनंतर आपल्या प्रभागातल्या एका गावात, हमरस्त्याच्या वळणावर, डिझेलचा टँकर कलंडला हे तुम्हाला माहीत आहेच. कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. पण डिझेल उतारावरून खाली आलं, आपल्या दोन सदस्य ताईंच्या खाचरांत मुरलं आणि त्याखालच्या विहिरीच्या पाण्यावर तवंग आला.

त्यानंतर गावात दोन माणसं येऊन गेली. पहिला टँकरमालकाचा माणूस. तो म्हणाला, "काळजी करू नका, मातीतले जंतू डिझेल खाऊन टाकतात. पाऊस पडला की सगळं आपोआप साफ होईल." दुसरा आला तो बाटल्या विकणारा. तो म्हणाला, "हे तेल खाणारे जंतू आहेत. शिंपडा, पंधरा दिवसांत जमीन पहिल्यासारखी." एका बाटलीचे १,८०० रुपये आणि पाच बाटल्या लागणार. ग्रामसंघाच्या बैठकीत लगेच प्रश्न आला, की जोखीम प्रवणता निधीतून या बाटल्या घ्यायच्या का?

गंमत बघा. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे. तेल खाणारे जंतू खरोखर असतात. पण एकाने त्यांचं नाव घेऊन जबाबदारी झटकली आणि दुसऱ्याने त्यांचं नाव घेऊन माल खपवायला काढला. म्हणून हे जंतू काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, ते आपल्याला समजून घ्यावं लागेल. मृग लागायला दीड महिना राहिला आहे, आणि या प्रकरणात पावसाआधीचे दिवस फार महत्त्वाचे आहेत. ते का, हे पुढे सांगते.

जंतू तेल कसं खातात?

जंतू म्हटलं की आपल्याला आजार आठवतो. पण विरजण लावतो तेव्हा दुधाचं दही जंतूच करतात. इडलीचं पीठ जंतूंमुळेच फुगतं. शेणखताच्या खड्ड्यात पालापाचोळा कुजवून त्याचं काळं, भुसभुशीत खत करणारे जंतूच आहेत. चमचाभर चांगल्या मातीत असे कोट्यवधी जीव असतात. प्रत्येक जण इतका बारीक, की साधारण हजारभर एका ओळीत उभे केले तर एक-दोन मिलिमीटर जागा भरेल.

आता तेलाकडे या. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, डांबर हे सगळं जमिनीखालच्या खनिज तेलातून निघतं. हे तेल कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मरून तळाशी गाडल्या गेलेल्या बारीक जीवांपासून तयार झालं. म्हणजे मुळात तेही जिवंत वस्तूंचंच अवशेष. समुद्राच्या तळातून कित्येक ठिकाणी तेल आपोआप झिरपत असतं, माणूस नव्हता तेव्हाही झिरपत होतं. त्यामुळे ते खाऊन जगणारे जंतूही फार जुने आहेत, कुठल्या कंपनीने नव्याने शोधून काढलेले नाहीत.

डिझेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब-आखूड माळा. जंतू हवेतला प्राणवायू घेऊन या माळेचं टोक सोडवतात आणि मग एकेक तुकडा तोडून खातात. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड वायू, पाणी आणि जंतूंचं स्वतःचं वाढलेलं शरीर. काही जंतू रिठ्याच्या फेसासारखा पदार्थ सोडतात. त्यामुळे तेल बारीक थेंबांत फुटतं आणि खायला सोपं जातं.

आपल्या कृषी सखी ताईंना यातलं एक नाव ओळखीचं असेल, स्युडोमोनास. रोपांच्या मूळकुजीवर आपण ट्रायकोडर्माच्या जोडीला जी स्युडोमोनासची पावडर वापरतो, त्याच कुळातले काही भाऊबंद तेल खाणारे आहेत. समुद्रात अल्कॅनिव्होरॅक्स नावाचा जंतू आहे, त्याचं पोट जवळजवळ फक्त तेलावरच चालतं. पण एकच जंतू सगळं तेल खात नाही. कुणी लहान माळा खातो, कुणी लांब, कुणी कड्यांसारखे अवघड भाग. भाजणीत जशी चार धान्यं लागतात, तशी इथे चार प्रकारच्या जंतूंची टोळी लागते.

त्यांना काय लागतं?

इथे लक्ष द्या, कारण आजच्या बोलण्याचं सार यातच आहे. नुसता पेंढा खड्ड्यात टाकून ठेवला तर तो कुजतो का? वर्ष गेलं तरी तसाच राहतो. त्यावर शेणकाला टाकला, पाणी मारलं, खालवर केलं, की महिन्या-दोन महिन्यांत खत दिसायला लागतं. तेलाचंही अगदी तसंच आहे. चार गोष्टी लागतात.

पहिली हवा. तेल झपाट्याने खाणाऱ्या जंतूंना प्राणवायू लागतो. माती घट्ट असेल किंवा पाण्याखाली असेल, तर काम जवळजवळ थांबतं.

दुसरी ओल. माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. इतकीच.

तिसरी गोष्ट खत. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही. नुसता भात खाऊन माणूस राबू शकत नाही, सोबत डाळ लागते, तसं जंतूंना नत्र-स्फुरद लागतं. १०० भाग कार्बनला १० भाग नत्र आणि १ भाग स्फुरद, असं प्रमाण साधारण धरतात.

चौथी ऊब आणि वेळ. आपल्याकडे ऊब हवी तेवढी आहे. वेळ मात्र द्यावाच लागतो. पेट्रोल लवकर उडून जातं. डिझेलला महिने लागतात. डांबरासारखं जड तेल वर्षानुवर्षं राहतं.

आता टँकरमालकाच्या माणसाचं वाक्य तपासून बघा. "पाऊस पडला की आपोआप साफ होईल." आपल्या खाचरात पावसाळ्यात काय असतं? चिखल आणि उभं पाणी. म्हणजे हवा बंद. ज्या चार महिन्यांत तो सफाई होईल म्हणतो, त्याच चार महिन्यांत जंतूंचं काम सगळ्यात मंद असेल. शिवाय पहिल्या सरीबरोबर तेल बांध ओलांडून शेजारच्या खाचरात, ओढ्यात आणि पुढे खाडीत जाईल. म्हणून मी म्हटलं, की पावसाआधीचे दिवस महत्त्वाचे आहेत.

जगात हे कुठे केलं गेलं?

२४ मार्च १९८९ रोजी अमेरिकेच्या अलास्का राज्यात एक्झॉन वाल्डेझ नावाचं तेलवाहू जहाज खडकावर आदळलं. जवळपास चार कोटी लिटर खनिज तेल समुद्रात सांडलं. शेकडो किलोमीटर किनारा काळा झाला. आधी गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी खडक धुतले. त्याने तेल सुटलं, पण किनाऱ्यावरचे शिंपले, शेवाळ, बारीक जीवही मेले. मग शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग घेतला. किनाऱ्यावर तेल खाणारे जंतू आधीपासून होतेच, त्यांना खत कमी पडत होतं. म्हणून किनाऱ्यावर नत्र-स्फुरदाचं खत टाकलं. खत टाकलेल्या जागी तेल लवकर कमी झालं.

तिथली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने विकत मिळणारे तयार जंतू तपासले. त्यातले निवडक अलास्काच्या किनाऱ्यावर वापरूनही बघितले. नुसतं खत दिलेल्या जागेपेक्षा जंतू टाकलेल्या जागेत विशेष फरक दिसला नाही. घरचे जंतू उपाशी होते, त्यांना जेवण मिळाल्यावर बाहेरच्यांची गरज उरली नाही.

आणि तिसरी गोष्ट. काही किनाऱ्यांवर दगडगोट्यांच्या खाली अडकलेलं तेल वीस वर्षांनंतरही सापडलं. तिथे हवा पोचत नव्हती. म्हणजे "आपोआप" या शब्दावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

या विषयात आपल्या देशाच्या माणसाचं मोठं नाव आहे. आनंद मोहन चक्रवर्ती, जन्म १९३८, पश्चिम बंगालमधलं सैंथिया गाव. अमेरिकेत काम करताना त्यांनी वेगवेगळ्या जंतूंचे तेल पचवण्याचे गुण एकाच स्युडोमोनास जंतूत आणले. त्याच्या हक्कासाठी खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. माणसाने घडवलेल्या जिवंत जंतूवरही हक्क मिळू शकतो, हे तेव्हा ठरलं. पण खरी गंमत पुढे आहे. तो प्रसिद्ध जंतू सांडलेल्या तेलावर प्रत्यक्षात कधी सोडलाच नाही. आज जे काम चालतं ते निसर्गात सापडणाऱ्या जंतूंच्या टोळ्यांवरच चालतं.

भारतात दिल्लीच्या टेरी या संस्थेने अशी एक टोळी तयार केली, तिचं नाव ऑइलझॅपर. तेलाने माखलेल्या जागांवरून निवडलेले पाच प्रकारचे जंतू मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याच्या भुकटीत मिसळून पिशव्यांत भरतात. तेल कंपन्यांकडे टाक्यांच्या तळाशी साचणारा चिकट गाळ असतो, तो पूर्वी खड्ड्यांत नुसता साठवून ठेवायचे. गुजरात, आसाम अशा तेलक्षेत्रांमध्ये त्या गाळावर ही भुकटी वापरली गेली. पण तिथेही भुकटी टाकून कुणी घरी जात नाही. गाळ पसरतात, खत देतात, ओल राखतात, ठराविक दिवसांनी नांगरतात, दर काही दिवसांनी नमुने तपासतात. काम काही महिने, कधी वर्षभर चालतं.

आपल्या खाडीकाठच्या मावश्यांना मुंबईचा अपघात आठवत असेल. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला, कांदळवनांना काळा थर लागला. लोकांनी मासे घ्यायचं बंद केलं आणि टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईचा धंदा बसला. त्या वेळी किनाऱ्यावर जंतूंची भुकटीही वापरली गेली. वाळूवर हे काम जमतं. पण तिवरांच्या मुळांतल्या काळ्या चिखलात हवा नसते, तिथे तेल गेलं की निघायला फार वेळ लागतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाला कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटतात. तेही समुद्रात सांडलेलं तेलच. हलका भाग उडून गेलेला, जंतूंनी सोपं तेवढं खाल्लेलं, आणि कुणालाच न पचणारा भाग गोळा होऊन आलेला.

जंतूंना काय जमत नाही?

एक, जंतू धातू खाऊ शकत नाहीत. इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण, शिसं, जस्त असं असतं. तेल संपलं तरी ते मातीत राहतं.

दोन, जंतू विहिरीचं पाणी पिण्यालायक करून देत नाहीत. वरचा तवंग दिसतो, पण डिझेल-पेट्रोलमधला काही भाग पाण्यात विरघळतो. तो दिसत नाही. त्यातल्या बेंझिनसारख्या पदार्थाने कर्करोग होऊ शकतो. तवंग गेला म्हणजे विहीर साफ झाली असं समजू नका.

तीन, आपले जलसुरक्षक ज्या पेटीने पाणी तपासतात, त्यात क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू यांची तपासणी होते, डिझेलची होत नाही. अहवाल "योग्य" आला तरी डिझेलबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आणि विहिरीत टीसीएल पावडर टाकून तेल जात नाही. उलट तेल खाणारे जंतूच मरतात. त्या गावात टीसीएलची अख्खी पिशवी टाकायचं चाललं होतं, ते वेळेत थांबलं हे बरं झालं.

मग आपण काय करायचं?

थोडं सांडलं असेल आणि मोठं सांडलं असेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडं म्हणजे पॉवर टिलरमध्ये भरताना किंवा पंपाजवळ दोन-चार लिटर डिझेल सांडलं. आधी आजूबाजूची विडी, चूल, दिवा बंद. वर भाताचं तूस, भुसा किंवा कोरडी माती टाकून तेल शोषून घ्या. पाणी ओतू नका, साबण टाकू नका, त्याने तेल आणखी खोल जातं. तेल प्यायलेलं तूस चुलीत जाळू नका. ती सगळी माती-तूस उचलून घर, विहीर आणि ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर, जाड प्लास्टिकवर पसरा. थर वीतभरापेक्षा जाड नको. कडेने मातीचा बांध घाला. त्यात चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. एक लिटर डिझेलमागे साधारण १५० ग्रॅम युरिया लागतो, तोही दोन-तीन हप्त्यांत द्या. एकदम जास्त दिला तर जंतूच मरतात. ओल लाडूएवढी ठेवा, आठवड्याला एकदा खालवर करा, पावसात वर झाकण घाला. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला बांधल्याशिवाय हे काम करायचं नाही. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तिथे जायचंच नाही.

माती सुधारली का, याचा अंदाज घरी घेता येतो. बियाण्याची उगवण आपण गोणपाटात तपासतो ना, तसंच. एका कुंडीत चांगली माती, दुसरीत ही माती. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे पेरा. उगवण आणि मुळांची लांबी सारखी दिसायला लागली, तर माती सुधारते आहे. हा अंदाज आहे, दाखला नव्हे. त्या मातीत लगेच भाजीपाला घ्यायचा नाही.

आता मोठी सांडलवंड, म्हणजे टँकरसारखी. हे काम आपल्या हाताने करायचं नाही आणि आपल्या पैशानेही करायचं नाही.

पहिल्या तासात ११२ वर फोन. माणसं-गुरं लांब, गाड्या लांब, जवळ कुठेही आग नाही. विहिरीतली मोटर चालू करायची नाही, ठिणगीने आग लागू शकते आणि तेल पाइपातून शेतभर जातं. उताराला मातीचा बांध घालायचा, तोही लांबून जमत असेल तरच.

पहिल्या दोन दिवसांत तलाठी आणि सरपंचांकडून पंचनामा. तारीख दिसेल असे फोटो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातल्या कार्यालयाला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज, पोच घेतलेली प्रत आपल्याकडे. मातीचा आणि पाण्याचा नमुना काचेच्या स्वच्छ बरणीत, तोंडापर्यंत भरून, घट्ट झाकून, थंड जागी. प्लास्टिकची बाटली चालत नाही, तेल प्लास्टिकला चिकटतं. प्रयोगशाळेला नेमकं सांगायचं, की "एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन" तपासून द्या. नाहीतर ते नेहमीची खतांची माती तपासणी करून देतील.

पैशाचं बोलायचं तर, ज्याने सांडलं त्यानेच साफ करून द्यायचं, हे तत्त्व आपल्या कायद्यात आहे. सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ हा धोकादायक पदार्थांच्या अपघातासाठी आहे. त्यात ज्यांचं नुकसान झालं ते जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतात आणि चूक कुणाची हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. दुसरा मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. त्याचं आपल्या भागासाठीचं पीठ पुण्याला आहे. तिथे भरपाईबरोबर जमीन पूर्ववत करून देण्याचीही मागणी करता येते, आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत असते. मुदत आहे म्हणून थांबायचं मात्र नाही, कारण पुरावा पाच वर्षं टिकत नाही.

म्हणून त्या दोन ताईंच्या अर्जात फक्त "नुकसानभरपाई द्या" असं लिहून चालणार नाही. पावसाआधी डिझेल मुरलेला मातीचा थर उचलून, प्लास्टिकवर झाकून, जाणकारांच्या देखरेखीखाली त्यावर प्रक्रिया करा. त्या खाचरात यंदा भात लावता आला नाही तर त्या पिकाची भरपाई द्या. विहीर उपसून, पाणी तपासून, दाखला मिळेपर्यंत पिण्याच्या पाण्याची सोय करा. आणि काम झाल्यावर मातीचा तपासणी अहवाल आमच्या हातात द्या. अशा चार स्पष्ट मागण्या हव्यात. अर्जाचा मसुदा तयार आहे, सभा संपल्यावर वाचून सह्या करायच्या आहेत.

बाटल्या घ्यायच्या का?

माझं मत आहे, नको. विकणाऱ्याला आपण चार प्रश्न विचारू. बाटलीत कोणते जंतू आहेत आणि मुदत कधीपर्यंत आहे? खत, हवा, ओल याचं काय करायचं ते कागदावर लिहून देता का? आधीची आणि नंतरची माती प्रयोगशाळेत तपासून देता का? फरक पडला नाही तर पैसे परत करता का? त्या दिवशी यातला पहिलाच प्रश्न विचारला तर तो म्हणाला, "ते कंपनीचं गुपित आहे." एवढ्यावरच आपल्याला उत्तर मिळालं.

जोखीम प्रवणता निधी कुटुंब अडचणीत असताना धान्य, औषध, पाणी यासाठी आहे. त्यातून या दोन घरांना पाण्याची आणि रेशनची मदत जरूर करू. पण टँकरवाल्याने करायची सफाई बायकांच्या बचतीतून होता कामा नये.

आपल्या गावातलं काळं ऑइल

शेवटी जरा आपल्या घराकडेही बघू. टँकर कधीतरी उलटतो, पण गॅरेज, टिलर, होडीचं इंजिन, पिठाची गिरणी यांतून काळं ऑइल दर महिन्याला निघतं. ते कुठे जातं? गटारात, खाडीत, कुंपणाच्या खांबाला वाळवी लागू नये म्हणून, डासांसाठी डबक्यात, आणि गुराच्या जखमेवरसुद्धा. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत हे वापरलेलं ऑइल धोकादायक धरलेलं आहे. ते परवाना असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. यातले धातू कुठलाही जंतू खाणार नाही, हे आत्ताच आपण बघितलं.

डबक्यात ऑइलऐवजी गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. गुराच्या जखमेला पशुसखीला विचारून औषध लावा. आणि प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या बैठकीत एक ठराव घ्यावा असं मला वाटतं. गावात एक झाकणाचा ड्रम, छपराखाली, विहिरीपासून लांब. गॅरेजवाल्याने आणि टिलरवाल्याने ऑइल त्यातच ओतायचं. ड्रम भरला की परवानाधारक घेऊन जाईल. वापरलेल्या ऑइलला भाव मिळतो, त्यामुळे गटाला दोन पैसे मिळायचीही शक्यता आहे. परवानाधारकांची नावं मंडळाच्या कार्यालयातून मी आणते. गावात किती गॅरेज, किती टिलर, किती होड्या याची यादी तुम्ही करायची. मे महिन्याच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघाच्या सचिवताईंनी ती यादी सोबत आणावी.

आता ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी विचारा. त्यानंतर त्या दोन ताईंच्या अर्जावर सह्या करू.